बाळूंच्या हाती फक्त चेंडू

आमच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की ओली वाळू टणक होते आणि पोरं स्टंपांसाठी काठ्या घेऊन खाली उतरतात. बॅट ज्याची, पहिली बॅटिंग त्याची. बाकीच्यांनी बॉलिंग टाकायची. मी डावखुरी फिरकी शिकलो ती माझ्याकडे बॅट नव्हती म्हणून. त्यामुळे गोलंदाज पालवणकर बाळूंची हकिगत मी कष्टकऱ्याची हकिगत म्हणून वाचतो.

आडनाव कोकणातल्या पालवणचं. जन्म धारवाडचा, वाढले पुण्यात, कुटुंब चांभाराचं. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, महिना तीन रुपये. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना बॉलिंग टाकायची. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. तिथला पट्टीचा फलंदाज ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंसमोर सराव करी आणि बाद झाला की आठ आणे देई, असं सांगतात. मला ते आठ आणे आठवत नाहीत, आठवते ती दुसरी गोष्ट. त्या नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकूनही बाळूंच्या हाती कुणी एकदाही बॅट दिली नाही. गोलंदाजी ही मजुरी, फलंदाजी साहेबांची. भारताचा पहिला थोर फिरकी गोलंदाज त्या मजुरीत घडला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू हवेसे झाले. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळे झेलत. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं पानही वेगळं. अशा माणसाने पुन्हा मैदानात येऊन त्याच संघासाठी बळी घ्यायचे, यासाठी केवढं मन लागलं असेल!

पुढे मुंबई, रेल्वेची नोकरी आणि हिंदू जिमखाना. 1906 च्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले, तेही विसाहून कमी सरासरीने. वय पस्तिशीचं, खांदा दुखरा.

एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद नाही. इंग्लंडातही तेव्हा पैसे घेऊन खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघाचं नेतृत्व देत नसत. लेन हटन या व्यावसायिक खेळाडूला ते मिळालं 1952 मध्ये. आमच्याकडे आडवी आली ती जात. 1920 साली, चार जमातींच्या संघांच्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊ जाहीर निषेध करून संघाबाहेर पडले. स्वतःची जागा सोडायला छाती लागते. मला त्या दोघांचा फार आदर वाटतो. अंतिम सामन्याला बाळूंना परत बोलावलं, उपकप्तान म्हणून.

विठ्ठल 1923 मध्ये हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघ जिंकला. बाळू तोवर निवृत्त झाले होते. प्रथम श्रेणीचे 33 सामने आणि 179 बळी त्यांच्या नावावर होते.