बाग कोणाची? हुतात्मा बागेत बसून उजळलेला इतिहास



गेल्या रविवारी आम्ही आठ-दहा कार्यकर्ते सोलापूरच्या पार्क चौकात जमलो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन केले आणि चालत हुतात्मा बागेत जाऊन बसलो. बाजूला भुईकोट किल्ल्याचा तट, हिरवळीवर खेळणारी लेकरे, डबा सोडून बसलेली कष्टकरी कुटुंबे. आमच्यातला एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, "बागेत कसला आलाय इतिहास? फिरायचं, भेळ खायची, घरी जायचं!" त्याला जे सांगितले तेच इथे मांडतो आहोत.

तू इथे सहज बसलास, कोणी जात विचारली नाही, हाच इतिहास आहे. तो फुकट मिळालेला नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. मग काय झाले? पाणी प्यायलेल्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. सार्वजनिक पाण्यासाठी दहा वर्षे!

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बागा काळ्या लोकांना खुल्या करण्याची मागणी कोर्टात गेली, तर शहराने १९५९ पासून सगळ्या बागांनाच कुलूप ठोकले. १९६५ पर्यंत ते निघाले नाही. गोऱ्यांची पोरेही बागेविना राहिली, पण काळ्यांच्या शेजारी बसणे नको! वर्चस्वाला स्वतःचे नुकसान परवडते, बरोबरी परवडत नाही.

आता सोलापूरकडे या. या गावाशी बाबासाहेबांचे नाते जुने आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले, ते इथेच. गिरण्यांच्या या गावात दुसरीही एक जागा होती : सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना जन्मावरून गुन्हेगार ठरवले, तारेच्या कुंपणात ठेवले. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायला पास. एकाच शहरात कोणी संध्याकाळी हवा खायला निघे, तर कोणी हजेरीसाठी रांगेत उभे राही. देशभरातून हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. ज्याला कुंपणाबाहेर पाऊल टाकायला परवानगी लागत होती, त्याच्या नातवाने आज बागेत मोकळे बसणे ही साधी गोष्ट नाही.

आणि या बागेचे नावही विसरू नका. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ही चार नावे एका जातीची नाहीत, एका धर्माचीही नाहीत. त्यांच्या स्मृतीची बाग एका गटाची कशी होईल?

पुढे संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ ला यावर चर्चा झाली. प्रा. के. टी. शहा यांनी सार्वजनिक जागांची लांबलचक यादी सुचवली. त्यात बागा, उद्याने, वस्तुसंग्रहालये होती. ती दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. पण अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्यासोबत 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' हे शब्द आहेत. बाग त्यातच येते. बागेतल्या कारंज्याचे पाणीही जनतेच्या पैशाचेच आहे. तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येत नाही. म्हणजे बागेचे फाटक पालिकेच्या मेहेरबानीने उघडत नाही, संविधानाने उघडते.

मग प्रश्न संपला का? नाही. जातीवरून अडवता येत नाही, पण तिकिटावरून येते. ठेका, अनामत रक्कम, मैदानाचे भाडे ही नवी कुंपणे आहेत, आणि पंधराव्या अनुच्छेदाच्या शब्दांत ती सहज सापडत नाहीत. एका बागेत आम्ही संविधानाचा अभ्यासवर्ग घ्यायला बसलो, तर रखवालदार परवानगीचा कागद मागू लागला. शेजारीच वाढदिवसाचा केक कापणे चालू होते, त्यांना कोणी काही विचारले नाही. शिवाय पहाटे ही बाग झाडणारी माणसे कोणत्या वस्तीतून येतात, हेही एकदा बघा. बाग सर्वांची आणि झाडू मात्र ठरावीक जातींच्या हातात, ही कसली समता?

काही जण म्हणतील, देखभालीला पैसा लागतो. लागतो ना! त्यासाठीच आपण कर भरतो. मोलकरीण काडेपेटी घेते तेव्हाही कर भरते.

म्हणून युवा साथींनो, दोन कामे करा. आपल्या गावातली बाग, सभागृह, मैदान वर्षभरात कोणाला, किती भाड्याने दिले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आणि २६ नोव्हेंबरला घरात बसू नका. बागेत जा, वस्तीतल्या लेकरांना सोबत न्या, उद्देशिका मोठ्याने वाचा. चवदार तळ्याचा कागद लोक गेले म्हणून जिवंत झाला. राबता थांबला की सार्वजनिक जागा खासगी व्हायला वेळ लागत नाही.

जयभीम! जय संविधान!