फुकट आणि मुक्त

‘फ्री’ या इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन अर्थ नांदतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केल्यापासून त्यांना वर्षानुवर्षे जो खुलासा करावा लागला, तो मराठीत एका शब्दात उरकतो. तरीही मुक्त संगणकप्रणाली सामान्य माणसाच्या टेबलावर आली ती मुक्त म्हणून नव्हे, तर फुकट आणि सोपी म्हणून, असे आम्हांस वाटते.

लिनस तोरवाल्ड्स यांचे लिनक्स १९९१ साली आले, पुढच्याच वर्षी ग्नूच्या परवान्याखाली गेले आणि पुढे बराच काळ जाणकारांच्याच वर्तुळात राहिले. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणाऱ्याला त्याची गोडी. साधे पत्र लिहू पाहणाऱ्याला तेथे बसायला पाटही नव्हता. तो मांडण्याची मोठी खटपट १९९६ साली जर्मनीत माथियास एट्रिख यांनी केडीई या नावाने आरंभली. खिडक्या आल्या, मेनू आले. पण ज्यावर हे सारे उभे होते ते ‘क्यूटी’ तेव्हा पुरते मुक्त नव्हते. घर स्वतःचे, जोते परक्याचे. एवढ्या एका हरकतीवरून १९९७ साली मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ग्नोम हा निराळा संसार थाटला. व्यवहारी माणसाला ही शक्तीची उधळपट्टी वाटेल. (आपल्या साहित्यसंस्थांतील फुटी पाहिलेल्यांना नवल वाटू नये!) मात्र २००० साली क्यूटीही जीपीएल परवान्याखाली आले, ते या भांडणाविना आले असते असे आम्हांस वाटत नाही.

खरी वर्दळ सुरू झाली ती ऑक्टोबर २००४ मध्ये, मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाच्या पाठबळावर उबुंटू आले तेव्हा. मागणी नोंदवावी, सीडी टपालाने घरी यावी, खर्च त्यांचाच. ही सोय २०११ पर्यंत चालली. उबुंटूच्या दोषनोंदवहीतील पहिला दोष होता बाजारातील मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व. शटलवर्थ यांनी २०१३ साली ती नोंद मिटवली खरी. पण लढाई टेबलावर जिंकली गेली नव्हती, फोन आणि टॅब्लेटने तिचे मैदानच हलवले होते. म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली, तेव्हा धडधाकट पण ‘जुन्या’ ठरलेल्या संगणकांसाठी लिनक्सची चर्चा पुन्हा निघाली. निमित्त पुन्हा खर्चाचेच.

मराठीपुरते पाहिले तर गोष्ट थोडी वेगळी दिसते. डीटीपीच्या काळात आपल्याकडे फाँटगणिक संकेतरचना निराळी होती. तो फाँट नसेल, तर कथा म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास. युनिकोडने वाट दाखवली. पण जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटावीत म्हणून कोणीतरी राबावे लागते. इंडलिनक्ससारख्या गटांतील स्वयंसेवक राबले, आणि २००४ साली रेड हॅटने लोहित हे टंक जीपीएल परवान्याखाली खुले केले. ते कोणीही वापरावेत, दुरुस्त करावेत, पुढे द्यावेत. त्याआधी टंकलेल्या कित्येक मराठी मजकुरांच्या फायली आजही कोणाकोणाच्या कपाटात आहेत. वाचायचे झाल्यास मात्र छापील प्रतच शोधावी लागते.