माकडांची गुणसूत्रे आणि माणसाची जात

'गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र, आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते', असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्यातून पुढे जातीची 'शुद्धता' वैज्ञानिक ठरवली जाते. धर्मग्रंथ अपुरे पडले की विज्ञानाचा मुखवटा चढवायचा, ही मनुवादाची जुनी खोड आहे. म्हणून गुणसूत्रांचा इतिहास आपणच तपासला पाहिजे. सुरुवात माकडांपासून करू.

पेशीत जनुके वाहून नेणारे जे धागे असतात, ती गुणसूत्रे. माणसात ती 46, चिंपांझी आणि गोरिलात 48, हनुमान वानरात 44, लाल तोंडाच्या माकडात 42. दक्षिण अमेरिकेतल्या टिटी माकडांच्या एका प्रजातीत फक्त 16, तर दुसरीत 50. मग यांत श्रेष्ठ कोण? कोणीच नाही. गुणसूत्रे जोडली जातात, तुटतात आणि आकडा बदलतो. आपल्या पूर्वजांतली दोन गुणसूत्रे जोडली जाऊन माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र झाले. त्या सांध्याची खूण 1991 मध्ये सापडली. आकडा वंशाचा इतिहास सांगतो, दर्जा सांगत नाही.

दक्षिण अमेरिकेतच रात्री वावरणारी आउल मंकी ही माकडे आहेत. दिसायला सारखी, म्हणून ती दीर्घकाळ एकच प्रजाती मानली गेली. मलेरियाच्या संशोधनासाठी ती पाळली, पण अनेक जोड्यांना पिल्लेच होईनात. गुणसूत्रे मोजली तेव्हा कळले, की कुठे 46, तर कुठे 58 पर्यंत. 1983 मध्ये फिलिप हर्शकोविट्झ यांनी त्यांच्या नऊ प्रजाती मांडल्या. बाहेरून एक, आतून भिन्न!

माणसाचे नेमके उलटे आहे. 1910 मध्ये गायर या अमेरिकन संशोधकाने कृष्णवर्णीयांच्या पेशींत 22 गुणसूत्रे मोजली. 1912 मध्ये विनिवार्टर यांनी गोऱ्यांत 47 मोजली. हा फरक वंशाचा असेल, अशी शंका लगेच निघाली. 1923 मध्ये टेक्सासच्या थिओफिलस पेंटर यांनी मनोरुग्णालयातल्या दोन कृष्णवर्णीय आणि एका गोऱ्या माणसाच्या पेशी तपासल्या. आकडा तिघांत सारखाच निघाला, 48. तो आकडा चूक होता. सारखेपणा मात्र खरा होता.

पण मोठ्या माणसाने सांगितले म्हणून 48 हाच आकडा तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत राहिला. स्वीडनमधल्या काही संशोधकांना 46 दिसत होती, तरी 48 भरत नाहीत म्हणून त्यांनी काम थांबवले. अखेर डिसेंबर 1955 मध्ये जावात जन्मलेले जो हिन जिओ यांनी स्वीडनच्या लुंड शहरात 46 मोजली आणि ते डोळ्यांना दिसले त्यावर ठाम राहिले. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, ही बुद्धांची शिकवण याहून वेगळी काय आहे?

आता कथेचा खरा धडा. हेच पेंटर पुढे टेक्सास विद्यापीठाचे प्रमुख झाले. 1946 मध्ये हीमन स्वेट या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्याने तिथे कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज केला. विद्यापीठाने केवळ वर्णामुळे तो नाकारला. ज्यांनी सूक्ष्मदर्शकातून काळ्या-गोऱ्यांतला सारखेपणा पाहिला, त्यांच्याच नावाने 'स्वेट विरुद्ध पेंटर' हा खटला चालला. स्वेट यांची बाजू थर्गुड मार्शल यांनी मांडली आणि जून 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने स्वेट यांच्या बाजूने निकाल दिला.

त्याच वर्षी 26 जानेवारीला आपले संविधान लागू झाले होते. सरकारी किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषेवरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्याचे कलम 29(2) सांगते. बाबासाहेबांनी तर 1936 मध्येच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये विचारले होते, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा कोणता फरक आहे? त्यांनी सूक्ष्मदर्शकाची वाट पाहिली नाही.

म्हणून मित्रांनो, गुणसूत्रावर जात लिहिलेली नसते, हे ठणकावून सांगा. पण तेवढ्याने दार उघडेल, या भ्रमात राहू नका. पेंटर यांना सत्य दिसले होते, तरी दार बंदच राहिले. ते उघडले स्वेट यांच्या लढ्याने. विज्ञान आपल्या हाती पुरावा देते. हक्क संघटित होऊन, संघर्ष करूनच मिळवावे लागतात.

जय भीम!