अर्थशिप

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात ताओसच्या परिसरात विकसित झालेला, माती व टाकाऊ वस्तू वापरून शक्यतो राहणाऱ्याने स्वतःच बांधायचा घराचा प्रकार. प्रवर्तक वास्तुविद मायकेल रेनल्ड्स (1945– ). सिनसिनाटी विद्यापीठाची पदवी 1969 मध्ये घेतल्यावर ते ताओसला आले. 1972 मध्ये त्यांनी पेयांच्या रिकाम्या डब्यांचे जुडगे तारेने बांधून, त्यांच्या विटा करून एक घर उभारले. टायरच्या भिंती त्यानंतरच्या.

‘जुन्या टायरांचे घर’ ही अर्थशिपची रूढ ओळख अपुरी आहे. तिची खरी कामगिरी पाण्याच्या हिशेबात दिसते. ताओस सुमारे 2,100 मी. उंचीवर असून तेथे पाऊस व बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 300 मिमी. पाणी पडते. 200 चौ.मी. छतावरचा प्रत्येक थेंब धरला, तरी वर्षाचे 60,000 लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे 165 लिटर होतात. चौघांच्या कुटुंबात माणशी चाळीसएक लिटर. एवढ्यात नळाचे सुख हवे, तर तेच पाणी पुन्हा वापरण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून छताचे पाणी जमिनीतल्या टाक्यांत साठवून, गाळून नळाला देतात. न्हाणीचे व हात धुतल्याचे सांडपाणी काचेआडच्या वाफ्यांत झाडांच्या मुळांतून पाझरते. तेथून ते शौचालयाच्या टाकीत चढवतात आणि शेवटी सेप्टिक टाकीतून बाहेरच्या वाफ्यात सोडतात. घराची मांडणी या क्रमाला धरूनच होते. दक्षिणेची काचेची भिंत हिवाळ्यातले ऊन आत घेते, तशीच वाफ्यातली झाडेही जगवते. उरलेल्या तीन बाजूंना मातीची भर असते.

यावर आक्षेप असा, की टायर वगळले तर अर्थशिपमध्ये वेगळे ते काय उरते? उष्णता धरून ठेवण्याचे काम मातीचे आहे. जाड भिंतींच्या माळवदाच्या घरात राहिलेल्यांना ते वेगळे सांगायला नको. टायर हा मातीचा कायमचा साचा. एकेका टायरात सुमारे दीडशे किलो माती घणाने ठासावी लागते. काम कंबर मोडणारे, पण त्याला गवंड्याचा हात लागत नाही. तेव्हा टायरचे महत्त्व आहे, मात्र ते घरापेक्षा बांधणाऱ्याच्या दृष्टीने. ‘स्वतः बांधलेले’ हा दावाही जपूनच घ्यावा, कारण भिंती हौशी हातांनी उभ्या राहिल्या तरी काच, पंप, सौरपट्ट्या व बॅटऱ्या बाजारातूनच येतात आणि सिमेंटही थोडे लागत नाही. टायरांतून घरात वायू सुटतात का, याबद्दल एकमत नाही. समर्थक गिलाव्याच्या जाड थराकडे बोट दाखवतात. ढगाळ, दमट हवेत हे घर तितके ऊबदार राहत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पुढच्या आराखड्यांत मातीच्या भरीत उष्णतारोधक थर आणि काचेची दुसरी भिंत आली, ती उगाच नव्हे.

प्रशासनाशी झालेल्या वादाची माहिती तपशिलाने उपलब्ध आहे. जमिनीचे तुकडे पाडून, सार्वजनिक पाणी वा वीज न घेता वसाहती वसवल्याने 1990 च्या दशकात बांधकाम व भूविभाजनाच्या नियमांशी खटके उडाले. रेनल्ड्स यांचा परवाना गेला. येथे खरा पेच वर दिलेल्या क्रमाचाच होता : पाण्याची व मैल्याची सोय घरातच असेल, ही शक्यता नियमांनी धरलेलीच नव्हती. प्रयोग करण्यासाठीही आधी सिद्ध झालेल्या पद्धतीचा दाखला मागितला जाई. सुरक्षेची जबाबदारी असलेल्या खात्याने नियम सैल का करावेत, हा प्रश्न गैर नाही. त्यावर 2007 मध्ये निघालेला तोडगा मधला होता : राज्याच्या नव्या कायद्याने शाश्वत विकासाच्या चाचणीसाठी मर्यादित जागा राखून प्रयोगांना वाट दिली. परवानाही त्याच वर्षी परत मिळाला. ‘गार्बेज वॉरियर’ हा याच लढ्यावरचा माहितीपट 2007 चाच.

प्रसार : ताओसजवळ ‘ग्रेटर वर्ल्ड’ वसाहत, स्कॉटलंड व इंग्लंडमध्ये नमुना-घरे, 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानात प्रात्यक्षिक बांधकाम.