कळ, छिद्र आणि अक्षर

लिपीच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा शिलालेख, हस्तलिखित आणि मुद्रणालय या तीन टप्प्यांत केला जातो. कचेरीतील यंत्रांना त्यात स्थान मिळत नाही. वस्तुतः विसाव्या शतकात सामान्य माणसाचे नाव, शेत आणि तक्रार ज्या अक्षरांत नोंदली गेली, त्यांची घडण पुष्कळदा या यंत्रांनीच ठरविली.

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूरसारख्या गावाच्या संदर्भात हे विशेषत्वाने जाणवते. हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. कारभाराची लिपी उजवीकडून डावीकडे धावत होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र अस्तित्वात आला आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली. येथील मराठी कचेरीत शिरली तो काळ बोरूचा नव्हता, टंकलेखन यंत्राचा होता. गोदरेजचे देशी यंत्रही १९५५ मध्येच तयार झाले होते.

हे यंत्र मुळात रोमन लिपीसाठी घडलेले. एक कळ, एक ठसा, आणि प्रत्येक आघातानंतर गाडा एक घर पुढे, अशी त्याची रचना. मराठी अक्षर मात्र वर, खाली, मागे, पुढे असे चहूबाजूंनी वाढते. त्यावर उपाय म्हणून ख, घ, ध, भ, श यांचे अर्धे रूप एका कळीवर आणि काना दुसरीवर ठेवण्यात आला. एकच दंड अनेक व्यंजनांना पुरला. उकार व मात्रा यांच्या कळा गाडा न सरकविता आधीच्या अक्षरावर ठसा उमटवीत. ‘दिन’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, ‘द’ नंतर. ‘कर्म’ लिहिताना रफार शेवटी. म्हणजे यंत्राने उच्चाराचा क्रम मोडून दृष्टीचा क्रम स्वीकारला आणि अक्षराचे एकत्व रेषांत विभागले. १९५३ च्या लखनौ लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचा जो निर्णय घेतला, तो या दोन क्रमांचा मेळ घालण्याचाच प्रयत्न म्हणता येईल. लोकांच्या डोळ्यांनी तो मानला नाही आणि तो मागे घ्यावा लागला.

छिद्रण यंत्राचा तर्क याहून वेगळा होता. हॉलरिथच्या यंत्राने १८९० च्या अमेरिकन जनगणनेत कार्डाच्या छिद्रांतून सुया पाऱ्यात उतरवून विद्युत्‌मंडल पूर्ण केले आणि गणकाचा काटा पुढे सरकविला. तारायंत्राच्या क्षेत्रात बोदोची पाच घटकांची संकेतपद्धती १८७० च्या दशकातली; १९०१ च्या सुमारास डोनाल्ड मरे यांनी टंकयंत्रासारख्या कळफलकावरून कागदी पट्टीवर छिद्रे पाडण्याची सोय केली. पाच छिद्रांच्या जागी केवळ बत्तीस संयोग शक्य होतात. रोमन वर्णमाला त्यात मावते, देवनागरी मावत नाही. कळफलक-बदलाचा संकेत वापरूनही ओढाताण होतेच. तरीही शिवराम शंकर आपटे यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या ‘हिंदुस्थान समाचार’ने १९५० च्या दशकात देवनागरी दूरमुद्रक वापरात आणला.

येथे महत्त्वाचे हे की, छिद्राला आकार नसतो. छिद्र ‘क’सारखे दिसत नाही, ते केवळ ‘क’चा निर्देश करते. चिन्ह आणि त्याचे दृश्य रूप यांची ही फारकत झाल्यावाचून अक्षर पुन्हा उच्चाराच्या क्रमाने साठविणे शक्य झाले नसते. १९९१ चे भारतीय संकेतमानक आणि युनिकोड ही त्याच तर्काची परिणती होय.

दुर्दैवाने व्यवहारात पहिला तर्क दीर्घकाळ टिकला. टंकयंत्रावर शिकलेली बोटे संगणकावरही तोच कळफलक मागत राहिली आणि अनेक जुन्या टंकांनी मजकूर दृष्टीच्या क्रमानेच साठविला. टंक हरवला की त्या फायलींत मराठी उरत नाही, निरर्थक रोमन चिन्हे उरतात. तालुक्याच्या कचेरीतील दस्त असो वा कवितासंग्रहाची मुद्रणप्रत, दोहोंची गत सारखीच. संहितेच्या सिद्धतेची चर्चा करणाऱ्या समीक्षेने म्हणूनच लेखकाच्या हस्ताक्षराइतकाच त्याच्या यंत्राचाही विचार केला पाहिजे.