मैदानावर परतण्याची घटका

१७ मार्च १९६२. बार्बाडोस बेटावर ब्रिजटाऊनच्या मैदानांत भारतीय संघाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर फलंदाजी करीत होते. चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या बाजूस आदळला. शिरस्त्राण वापरण्याची चाल त्या काळीं नव्हती. कवटी फुटली; शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांच्यासाठीं रक्त देण्यास पुढें आलेल्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल हेही होते. कॉन्ट्रॅक्टर वांचले, पुढें प्रथम दर्जाचे सामनेही खेळले. परंतु कसोटी सामन्यांत त्यांस पुन्हां स्थान मिळालें नाहीं.

हा आघात उघड होता, म्हणून कोणासही शंका उरली नाहीं. परंतु ज्या आघातांत रक्त येत नाहीं, हाड मोडत नाहीं, तो अधिक फसवा. धक्क्यानें मेंदू कवटीच्या आंत हादरतो आणि त्याचें कार्य कांहीं काळ बिघडतें. डोकें दुखतें, घेरी येते, मळमळतें, आठवण दगा देते. पण मेंदूचें चित्र घेतलें तर त्यांत बहुधा कांहींच दिसत नाहीं. म्हणूनच तोंडावर पाणी मारून पुन्हां उभा राहणारा गडी अनेक पिढ्यांस शूर वाटला. ठोसे खाऊन खाऊन मद्यप्याप्रमाणें झोकांड्या देणाऱ्या मुष्टियोद्ध्यांचें वर्णन अमेरिकन वैद्य हॅरिसन मार्टलँड यांनीं १९२८ सालींच केलें होतें. तरीही इतर खेळांस जाग येण्यास फार काळ जावा लागला.

२००१ सालीं व्हिएन्ना येथें या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. धक्का बसलेल्या खेळाडूनें त्याच सामन्यांत परतूं नये आणि पुढें पायरीपायरीनेंच परतावें, असें तेथें ठरलें. आधीं विश्रांति, मग हलका व्यायाम, मग खेळाचा एकट्यानें सराव, मग अंगाशीं अंग न भिडणारा सराव. वैद्यानें संमति दिल्यावरच पूर्ण सराव, आणि शेवटीं सामना. त्रास पुन्हां उद्भवल्यास एक पायरी खालीं. कारण पहिला आघात भरून येण्यापूर्वीं दुसरा बसला, तर क्वचित् प्रसंगीं मेंदूस सूज येऊन प्राणही जातो.

ऑगस्ट २०१९ मध्यें लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर बसला. ते बाहेर गेले, तपासणीनंतर परतले, ९२ धावांवर बाद झाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र लक्षणें प्रकट झालीं. त्याच महिन्यापासून लागू झालेल्या नियमानें मार्नस लाबुशेन त्यांच्या जागीं खेळले. पुढील कसोटी स्मिथ यांनीं सोडली. त्यानंतरच्या कसोटींत मँचेस्टर येथें त्यांनीं २११ धावा केल्या.

अंधाऱ्या खोलींत दिवसचे दिवस पडून राहण्याचा जुना सल्लाही आतां मागें पडला आहे. २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेनें एकदोन दिवसांच्या विश्रांतीनंतर सोसेल तितकें चालणेंफिरणें हितकर मानलें. मात्र परतण्याची घटका खेळाडूच्या हिंमतीनें ठरत नाहीं. मेंदू सांगेल तेव्हां परतावें, आणि त्याचें सांगणें ऐकण्यापुरता धीर धरणें हेंही शौर्यच होय.