खुर्चीचा हात किती उंच असावा?

३० जानेवारी १९४९ या दिवशी नागपूरला हवाई टपालाची एक नवी योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे आणि चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. तेथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परत पोचायची. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाई. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला झालेला हा लाभ आपण भूगोलाच्या तासाला सांगतो. त्या विमानांतून प्रवासीही जात, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. टपालाच्या पिशव्यांप्रमाणे प्रवाशांनाही नागपूरला एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसावे लागे.

पिशवी कोठेही ठेवली तरी चालते, माणसाचे तसे नाही. मद्रासहून आलेला प्रवासी ज्या आसनावरून उठला, त्याच आसनावर थोड्या वेळाने दिल्लीहून आलेला दुसराच प्रवासी बसणार. एक उंच, एक बुटका. एक सडपातळ, एक स्थूल. आसन मात्र तेच. आपल्यावर कोण बसणार हे विमानाच्या आसनाला कधीच ठाऊक नसते. मग त्याचे माप कोणाच्या शरीरावरून घ्यायचे? या लेखात आपण आसनाच्या एका लहानशा भागापुरता, म्हणजे खुर्चीच्या हातापुरता, या प्रश्नाचा इतिहास पाहू. विमानात या भागाला आर्मरेस्ट म्हणतात. माणसाच्या हाताशी घोटाळा होऊ नये म्हणून आपणही तोच शब्द वापरू.

वेतापासून ॲल्युमिनियमपर्यंत

१९२० च्या दशकातील अनेक प्रवासी विमानांत चक्क वेताच्या खुर्च्या असत. कारण उघड आहे. विमानात प्रत्येक किलोग्रॅम वजन उचलायला इंधन लागते आणि वेत हलका असतो. या खुर्च्यांना घरातल्या खुर्चीसारखेच वाकवलेल्या वेताचे हात असत. ते हलत नसत आणि ते हलावेत असे कोणाला वाटतही नसे. पुढे विमानांचा वेग वाढला. अपघातात किंवा जोराच्या धक्क्यात वेताची खुर्ची टिकत नाही हे लक्षात आले आणि ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची आसने आली. १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडालेल्या डग्लस डीसी-३ या विमानात अशी आसने होती. याच विमानाची लष्करी आवृत्ती म्हणजे डाकोटा. दुसरे महायुद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेली डाकोटा विमाने भारतातील कंपन्यांनी मोठ्या संख्येने विकत घेतली आणि नागपूरच्या रात्रीच्या टपालाची सुरुवातही याच विमानांनी झाली.

खुर्चीचे साहित्य बदलले, पण माप कोठून येत होते? बहुधा सुताराच्या, कारागिराच्या अंदाजातून. बसणाऱ्या माणसांना प्रत्यक्ष मोजून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न झाला तो विमानासाठी नव्हे, आगगाडीसाठी. अमेरिकेतील हेवूड-वेकफील्ड ही कंपनी रेल्वेची आसने बनवत असे. तिने हार्वर्ड विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ अर्नेस्ट हूटन यांना हे काम दिले. हूटन यांनी मोजमापाची एक खास खुर्ची तयार केली आणि बोस्टन व शिकागो येथील रेल्वे स्थानकांवर येणाऱ्या-जाणाऱ्या पावणेचार हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना तिच्यात बसवून त्यांची मापे घेतली. हा अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवशास्त्रज्ञ एरवी ज्या शरीरमापांतून माणसाच्या वंशाचा शोध घेत, तीच मापे आता खुर्चीच्या कामी आली.

सरासरी माणूस सापडेना

इतकी मापे हाती आली की पहिला मोह होतो तो सरासरी काढण्याचा. सर्वांच्या कोपरांच्या उंचीची सरासरी काढावी आणि आर्मरेस्ट तेवढी उंच करावी. वरवर पाहता यात चूक दिसत नाही. ती चूक कोठे आहे, हे अमेरिकन हवाई दलातील गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने दाखवून दिले.

१९५० मध्ये हवाई दलाने ४,०६३ जणांची शरीरमापे घेतली होती. डॅनियल्स यांनी त्यांतील दहा मापे निवडली. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत जो बसेल तो त्या मापापुरता 'सरासरी' असे त्यांनी ठरवले. ही व्याख्या पुष्कळ सैल आहे. मग त्यांनी विचारले, दहाही मापांत सरासरी असलेले किती? उत्तर आले, एकही नाही. केवळ तीनच मापे घेतली तरी तिन्हींत सरासरी असणारे शेकडा साडेतीनहून कमी निघाले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या टिपणाचा निष्कर्ष असा होता की, सरासरी माणसासाठी म्हणून केलेली रचना प्रत्यक्षात कोणासाठीच नसते.

हे उत्तर आपल्या विद्यार्थ्यांना फळ्यावर पडताळून पाहता येईल. एका मापात सरासरी असण्याची संभाव्यता ०.३ आहे. मापे एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर तीन मापांसाठी ०.३ × ०.३ × ०.३ = ०.०२७, म्हणजे शेकडा २.७. प्रत्यक्ष आकडा याहून थोडा मोठा असू शकतो, कारण शरीराची मापे थोडीफार एकमेकांबरोबर वाढतात. दहा मापांसाठी ०.३ चा दहावा घात काढा. उत्तर लाखात एकाहूनही कमी येते. मग चार हजारांत एकही सापडला नाही यात नवल ते काय?

कोपराची उंची आणि माणसाची उंची

आता आर्मरेस्टकडे वळू. माणूस ताठ बसला, दंड सरळ खाली सोडला आणि कोपर काटकोनात वाकवले, तर बसण्याच्या पृष्ठभागापासून कोपरापर्यंत जे अंतर असते तेवढ्या उंचीवर आर्मरेस्ट असावी. ती याहून उंच असेल तर खांदे वर ढकलले जातात आणि मान अवघडते. खाली असेल तर माणूस एका कुशीवर कलतो. अमेरिकन सैन्यातील पुरुषांची १९८८ मध्ये घेतलेली मापे पाहिली, तर मधल्या ९० टक्के पुरुषांत हे अंतर साधारण १८ ते २७ सें.मी. भरते. म्हणजे केवळ पुरुषांतच वीतभराच्या मापात चार बोटांहून अधिक फरक!

आपल्याला वाटेल की उंच माणसाला उंच आर्मरेस्ट लागत असेल. गंमत अशी की हे अनेकदा खरे ठरत नाही. हे अंतर म्हणजे बसलेल्या धडाची खांद्यापर्यंतची उंची वजा दंडाची लांबी. उंच माणसाचे धड लांब असते, तसा दंडही लांब असतो. वजाबाकीत बराचसा फरक नाहीसा होतो. त्यामुळे सहा फुटी माणसाचे कोपर पाच फुटी माणसाच्या कोपरापेक्षा खालीही असू शकते. प्रवाशाकडे नुसते पाहून त्याची आर्मरेस्ट ठरवता येत नाही, ती त्याची त्यालाच ठरवू दिली पाहिजे.

रचनाकार अशा वेळी तीनपैकी एक मार्ग घेतो. दरवाजा उंचांसाठी करावा म्हणजे बुटक्यांनाही चालतो. फळी बुटक्यांच्या हाताला येईल अशी लावावी म्हणजे उंचांनाही चालते. पण आर्मरेस्ट उंचांच्या सोयीची केली तर बुटक्यांना चालेलच असे नाही आणि उलटही नाही. तेथे तिसरा मार्ग उरतो. तो भाग हलता ठेवायचा.

सहा माणसे, बारा कोपरे

मग सर्वच विमानांत वरखाली सरकणाऱ्या आर्मरेस्ट का नसतात? येथे अंकगणित आडवे येते. बोइंग ७३७ विमानाच्या आतली रुंदी सुमारे ३.५४ मीटर, म्हणजे जवळजवळ १३९ इंच आहे. एका ओळीत तीन-तीन आसनांचे दोन गट असतात. प्रत्येक आसन १७ इंचांचे आणि प्रत्येक आर्मरेस्ट २ इंचांची धरली तर एका गटाला (३ × १७) + (४ × २) = ५९ इंच लागतात. दोन गटांचे ११८ इंच झाले. उरलेल्या वीस-एकवीस इंचांत मधली वाट बसवायची. एका ओळीत माणसे सहा, कोपरे बारा आणि आर्मरेस्ट आठ. त्यांतील चार आर्मरेस्ट दोन-दोन शेजाऱ्यांच्या सामाईक. एकाच आर्मरेस्टवर दोन वेगळ्या उंचीची कोपरे टेकायची असतील तर ती कोणाच्या मापाने वर करायची? शिवाय सरकत्या यंत्रणेचे वजन शेकडो आसनांनी गुणले जाते. म्हणून वरखाली होणारी आर्मरेस्ट मुख्यतः महागड्या, ऐसपैस आसनांकडे गेली. साध्या वर्गात एकच हालचाल उरली. बिजागरीवर फिरून आर्मरेस्ट उभी होते आणि दोन पाठींच्या फटीत जाऊन बसते. त्यामुळे जागा वाढत नाही, पण दोन आसनांची एक होते. आईला मांडीवरचे मूल शेजारी निजवता येते.

ही साधी बिजागरीही विचार करून बसवावी लागते. आसनाची पाठ मागे झुकते तेव्हा आर्मरेस्ट आडवीच राहिली पाहिजे, म्हणून सर्वसाधारणपणे ती पाठीला न जोडता आसनाच्या सांगाड्याला जोडतात. धक्क्यात ती निसटता कामा नये. १९८८ पासून अमेरिकेत नव्या विमानांच्या आसनांची चाचणी पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या १६ पट धक्क्याने घेण्याचा नियम झाला. ६० किलोग्रॅमचा माणूस त्या क्षणी आसनाला ९६० किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने ओढतो. आर्मरेस्ट, तिचा खटका, बिजागरी हे सारे या हिशेबातच बसवावे लागते.

वाटेकडची आर्मरेस्ट

आतापर्यंतचा प्रश्न आरामाचा होता. मधल्या वाटेकडची आर्मरेस्ट मात्र काहींच्या बाबतीत प्रवास होणार की नाही हेच ठरवते. नेहमीची चाकांची खुर्ची वीस इंचांच्या वाटेतून जात नाही. पायांनी अधू असलेल्या प्रवाशाला एका अरुंद खुर्चीवरून आसनापर्यंत आणतात आणि मग बाजूला सरकवून आसनावर बसवतात. वाटेकडची आर्मरेस्ट पक्की असेल तर सरकणे अशक्य होते. दोघा मदतनिसांना त्याला तिच्यावरून उचलून घ्यावे लागते. ६० किलोग्रॅम वजन वीतभर उचलायला ऊर्जा फारशी लागत नाही, दीडशे ज्यूलच्या आत काम होते. पण अरुंद जागेत, वाकून, लोकांदेखत उचलले जाण्याचा हिशेब ज्यूलमध्ये मांडता येत नाही. संवेदना नसलेल्या पायाला आर्मरेस्ट घासून जखम झाली तर ती त्या माणसाला कळतही नाही.

अमेरिकेत १९८६ मध्ये विमानप्रवासातील भेदभावाविरुद्ध कायदा झाला. त्याखालील १९९० च्या नियमांनी ३० किंवा अधिक आसनांच्या नव्या विमानांत वाटेकडच्या किमान निम्म्या आसनांना हलणारी आर्मरेस्ट सक्तीची केली. यासाठी कोणताही नवा शोध लागावा लागला नाही. बिजागरी आधीपासून होतीच. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात आगगाडी, बस, जहाजे यांच्याबरोबर विमानांचाही उल्लेख आला, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी अट जोडून. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. अनेक विमानांत वाटेकडच्या आर्मरेस्टखाली, बिजागरीजवळ, एक लपलेला खटका असतो. तो दाबला की ती उचलता येते. तो शेजारच्या प्रवाशाला माहीत असला तरी मोठी मदत होते.

नागपूर, पुन्हा एकदा

विमानाची आसने रुळांवर बसवतात, रूळ जमिनीवर आणि जमीन तुळयांवर. नागपूरच्या मिहान प्रकल्पातील टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानांसाठी संमिश्र पदार्थाच्या अशा तुळया तयार झाल्या. त्याच मिहानमध्ये २०१५ मध्ये विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र सुरू झाले. एके काळी प्रवासी जेथे मध्यरात्री आसन बदलत, तेथे आता आसनाखालचा भार पेलण्याचे काम होऊ लागले. मापांच्या बाबतीतही आपण सर्वस्वी परक्यांवर अवलंबून नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांचे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्गात हे काम एका तासात करता येईल. चाळीस विद्यार्थ्यांची उंची, बसल्यावर कोपराची उंची आणि गुडघ्याची जमिनीपासूनची उंची मोजा. प्रत्येक मापातील मधले बारा विद्यार्थी निवडा. तिन्ही याद्यांत असलेली नावे किती? मापे स्वतंत्र असती तर साधारण एकच नाव येईल. उंची आणि कोपराची उंची यांचा आलेखही काढा आणि ठिपके रेषेवर येतात की विखुरतात ते पाहा.

मग वर्गातल्या बाकांकडे पाहा. ते कोणाच्या मापाचे आहेत? परीक्षेच्या दालनात उजव्या हाताला लिहिण्याची फळी असलेल्या खुर्च्या असतील, तर डावखुऱ्या मुलांना तीन तास कसे बसावे लागते हे त्यांनाच विचारा. पुढच्या खरेदीच्या वेळी त्यांतल्या चार-पाच खुर्च्या डाव्या हाताच्या मागवणे शाळेला अवघड नाही.